सिनिक व्हायचं असेल तर आधी रांजणात डोकावा

मतदानाची सुट्टी मिळाली की लोणावळा गाठणाऱ्यांपैकी मी एक होतो. दुसऱ्या दिवशी बोटावर शाई नाही म्हणून कुणी हटकलंच तर उत्तर तयार असायचं, "उडदामाजी काळे-गोरे, निवडायचं काय त्यात?" मित्र म्हणायचे, तू फारच सिनिकल झालायस. मला ते कौतुकच वाटायचं. सिनिकल म्हणजे कुणाच्या थापांना न भुलणारा, आतलं सगळं कळलेला माणूस, अशी माझी समजूत होती.

पुढे या शब्दाचा उगम बघायला गेलो आणि चांगलाच तोंडघशी पडलो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समध्ये ज्यांना पहिल्यांदा सिनिक म्हटलं गेलं, त्यांनी मला दारातसुद्धा उभं केलं नसतं. राजकारणाचा वीट आलेल्या, पण ग्रीक तत्त्वज्ञानाच्या वाटेला कधी न गेलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. पूर्वतयारी काही नको. एक वही-पेन मात्र जवळ ठेवा.

पायरी १ : आपलं ठरलेलं वाक्य लिहून काढा

राजकारणाचा विषय निघाला की आपल्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं. "सगळे चोर." "आपल्या एका मतानं काय होतंय?" "वरती सगळं सेटिंग असतं." तुमचं जे असेल ते जसंच्या तसं लिहा. त्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडा. पहिल्या ओळीत लिहा, हे मला कशावरून कळलं. दुसऱ्या ओळीत लिहा, हे कळल्यावर मी काय केलं. माझी दुसरी ओळ कोरीच राहिली होती. पहिल्या ओळीत प्रामाणिकपणे लिहायचं तर "टीव्ही" एवढंच लिहिता आलं असतं.

इथेच एक फरक लक्षात घ्या, नाहीतर पुढे घोटाळा होतो. शंका घेणं वेगळं आणि सिनिकल असणं वेगळं. वॉर्डात कुणी मोफत दवाखाना काढला, तर शंका घेणारा विचारतो, पैसे कुठून आले? सिनिकल माणूस विचारत नाही. "निवडणूक जवळ आली वाटतं" म्हणून तो मोकळा होतो. त्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

ही वृत्ती मोजायचा प्रयत्न राज्यशास्त्रात बराच झाला आहे. अमेरिकेत १९५८ साली पहिल्यांदा विचारलं गेलं, की केंद्र सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असा भरवसा वाटतो का. तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोक हो म्हणाले होते. व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेटच्या राजकीय घोटाळ्यानंतर, १९७४ मध्ये, हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आलं. म्हणजे अविश्वासाला कारणं असतात, तो आकाशातून पडत नाही. पण त्याला खतपाणी घालणाऱ्या गोष्टीही असतात. जोसेफ कॅपेला आणि कॅथलीन हॉल जेमिसन या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात प्रयोग करून दाखवलं, की निवडणुकीची बातमी डावपेचांच्या भाषेत दिली, म्हणजे कोण पुढे, कुणाची खेळी, कुणाला शह, तर वाचणाऱ्याचा सिनिकलपणा वाढतो. बातमी प्रश्नांबद्दल असेल तर तसं होत नाही. आपल्याकडच्या रात्री नऊच्या चर्चा आठवून बघा. पाण्याचा प्रश्न किती मिनिटं आणि "मास्टरस्ट्रोक" किती मिनिटं?

पायरी २ : शब्द सोलून बघा

ग्रीकमध्ये कुत्र्याला "कुऑन" म्हणतात आणि "कुत्र्याचा" म्हणायचं तर "कुनोस". संस्कृतात तेच "श्वन्" आणि "शुनः". हे नुसतं कानाला लागणारं साम्य नाही, दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. आपला श्वान आणि त्यांचा कुऑन सख्खे चुलत भाऊ. "कुनिकोस" म्हणजे कुत्र्यासारखा, श्वानवृत्तीचा. सिनिक हा त्याचाच युरोपभर फिरून आलेला अवतार.

कुत्रा का? एक कारण जागेचं सांगतात. या पंथाचा आद्यपुरुष मानला जाणारा अँटिस्थेनीस अथेन्सच्या तटाबाहेर "कुनोसार्गेस" नावाच्या व्यायामशाळेत शिकवायचा आणि त्या नावातच कुत्रा आहे. ज्यांच्या आई-वडिलांपैकी कुणी एक अथेन्सबाहेरचं आहे अशांची ती जागा. अँटिस्थेनीसची आई थ्रेसची होती, म्हणजे तोही त्यातलाच. दुसरं कारण वागण्याचं. कुत्रा मिळेल तिथे खातो, मिळेल तिथे झोपतो, चारचौघांत लाजत नाही. शिवी म्हणून चिकटवलेलं नाव या मंडळींनी मिरवायला घेतलं.

मला मात्र जुन्या भाष्यकारांनी दिलेलं आणखी एक कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुत्रा राखणदार असतो आणि त्याला आपला कोण, परका कोण, हे कळतं. सरसकट सगळ्यांवर भुंकणारं कुत्रं राखणीच्या काय कामाचं? रांजणात राहणारा डायोजेनीस हा या पंथाचा सगळ्यात गाजलेला माणूस. त्याला विचारलं, तुला कुत्रा का म्हणतात? तो म्हणाला, देतो त्याच्यापुढे शेपूट हलवतो, देत नाही त्याच्यावर भुंकतो आणि हलकटाला चावतो.

आता अँटिस्थेनीसचं ते वाक्य, ज्यानं माझी वही बंद केली. राज्यं केव्हा नष्ट होतात, यावर तो म्हणे, "चांगल्या माणसांतून वाईट माणसं वेगळी ओळखता येईनाशी होतात तेव्हा." पुन्हा वाचा. मी ज्याला सिनिकल शहाणपण समजत होतो, ते "उडदामाजी काळे-गोरे", हे मूळच्या सिनिकाच्या लेखी शहर बुडाल्याचं लक्षण होतं.

याच माणसानं एकदा अथेन्सच्या लोकांना सल्ला दिला, की गाढवं म्हणजे घोडे असा ठराव मंजूर करून टाका. लोक म्हणाले, हे काय भलतंच! तो म्हणाला, का? कसलंही शिक्षण नसलेल्या माणसांना नुसते हात वर करून सेनापती करताच ना तुम्ही. अथेन्समध्ये सेनापती खरोखरच हात वर करून निवडले जायचे, म्हणून टोमणा वर्मी लागला. आणि राजकारणाच्या किती जवळ जावं असं विचारल्यावर त्यानं दिलेलं म्हणून एक उत्तर सांगतात : शेकोटीच्या जाल तितकंच. फार जवळ गेलात तर भाजाल, फार लांब राहिलात तर गारठाल.

पायरी ३ : मूळ वाचायला घ्या, पण मधूनच

सिनिकांचं स्वतःचं लिखाण जवळजवळ सगळं हरवलं आहे. आपल्याकडे आहेत ते किस्से, आणि त्यांचा सगळ्यात मोठा साठा डायोजेनीस लाएर्शियस नावाच्या संग्राहकाच्या तत्त्ववेत्त्यांच्या चरित्रांत आहे. नाव सारखं असलं तरी हा वेगळा डायोजेनीस. तो बहुधा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, म्हणजे रांजणातल्या डायोजेनीसनंतर पाचेकशे वर्षांनी झालेला. त्याच्या दहा भागांपैकी फक्त सहावा भाग उघडा. आर. डी. हिक्स यांचं १९२५चं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. परिच्छेदांना क्रमांक आहेत. सुरुवात २० पासून करा, ८१ पर्यंत डायोजेनीसच आहे. मग ८५ ते ९८ वाचा. त्यानंतर मागे येऊन १ ते १९ मधला अँटिस्थेनीस. पहिल्या पानापासून सुरू केलंत तर कंटाळून सोडून द्याल, हा स्वानुभव.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. एक, हे किस्से कोर्टातल्या साक्षी नव्हेत. ग्रीक शाळांत अशा चुटक्यांवर मुलांना भाषणकलेचे धडे देत असत, त्यामुळे ते घासूनपुसून, कधी या तोंडी तर कधी त्या तोंडी घातलेले आहेत. आपण बिरबलाच्या गोष्टी वाचतो तसे वाचा, फक्त इथे बिरबल राजाच्या पगारावर नाही. दोन, डायोजेनीस पिंपात राहायचा असं सगळीकडे वाचायला मिळेल आणि चित्रांतही लाकडी पिंपच असतं. ते चूक आहे. ग्रीक शब्द "पिथोस". धान्य, तेल, दारू साठवायचं भाजलेल्या मातीचं पुरुषभर उंचीचं भांडं, म्हणजे आपला रांजण. भाड्याचं घर वेळेत ठरलं नाही म्हणून तो अथेन्सच्या मेट्रोऑन या देवीच्या देवळाजवळच्या रांजणात जाऊन राहिला. घर शोधून दमलेल्या कुणालाही हे कारण पटावं.

त्याची सुरुवातही बघण्यासारखी आहे. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचं सिनोपे हे त्याचं गाव, आज ते तुर्कस्तानात आहे. बाप हिकेसियास सराफी पेढीवाला. नाणी विद्रूप केल्याच्या भानगडीत डायोजेनीसला, किंवा बाप-लेक दोघांना, गाव सोडावं लागलं. गोष्ट नुसती थाप नसावी, कारण त्या सुमाराची छिन्नीनं घाव घातलेली सिनोपेची नाणी खरंच सापडली आहेत. ग्रीकमध्ये नाण्याला "नोमिस्मा" आणि रूढीला, कायद्याला "नोमोस". पुढं "चलन खोटं पाडणं" हेच सिनिकांचं ब्रीद झालं. समाजात जे खपतंय, मान, घराणं, पदवी, ते हातात घ्यायचं आणि दगडावर आपटून वाजवून बघायचं. सगळीच नाणी खोटी असं ते म्हणत नव्हते. तसं असतं तर वाजवून बघायचे कष्ट कुणी घेतले असते?

पायरी ४ : सत्तेसमोरचे किस्से शेजारी शेजारी मांडा

"काय हवं ते माग" म्हणणाऱ्या अलेक्झांडरला, म्हणजे सिकंदराला, डायोजेनीसनं "माझ्या उन्हातून बाजूला हो" म्हटलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती सोडून देऊ. कमी ऐकलेले तीन घ्या.

इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनियाच्या लढाईत मॅसिडोनियाच्या फिलिपनं ग्रीकांचा पाडाव केला. डायोजेनीस पकडला गेला म्हणतात. फिलिपसमोर उभं करून विचारलं, तू कोण? "तुझ्या अतृप्त हावरेपणावर पाळत ठेवणारा हेर." फिलिपनं त्याला सोडून दिलं.

दुसरा. देवळातली एक वाटी चोरणाऱ्याला देवळाचे अधिकारी धरून नेत होते. डायोजेनीस म्हणाला, "मोठे चोर छोट्या चोराला घेऊन चाललेत."

आता म्हणाल, हे तर आमचंच "सगळे चोर"! मलाही आधी तसंच वाटलं होतं. वही काढून दोन्ही वाक्यं समोरासमोर लिहिली तेव्हा फरक दिसला. त्याचं वाक्य अमुक ठिकाणी, अमुक माणसांच्या तोंडावर, त्यांना ऐकू जाईल असं म्हटलेलं आहे. कोण मोठा चोर आणि कोण छोटा, हा निवाडा त्यात आहे. आणि म्हणणाऱ्याच्या जवळ चोरण्यासारखं काहीच नाही. पोराला ओंजळीनं पाणी पिताना बघून त्यानं झोळीतला पेलासुद्धा फेकून दिला होता. माझं वाक्य कँटीनमध्ये, चहाच्या दुसऱ्या कपावर, आधीच मान डोलावणाऱ्या चौघांपुढे, नाव न घेता. मला त्याची किंमत पडली फक्त चहाची, तीही बहुतेक वेळा दुसऱ्यानं दिलेली.

अशा फटकळ सत्यवचनाला ग्रीकमध्ये "पार्रेसिया" म्हणतात. जगातली सगळ्यात सुंदर गोष्ट कोणती, या प्रश्नाला डायोजेनीसचं उत्तर हेच होतं. तोंड उघडल्यावर बोलणाऱ्याचं काहीतरी पणाला लागतं, तीच पार्रेसिया.

तिसरा किस्सा भाजीचा. प्लेटोनं डायोजेनीसला पाला धुताना पाहिलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "डायोनिसियसच्या (हा सिराक्यूजचा हुकूमशहा) दरबारी हजेरी लावली असतीस तर पाला धुवावा लागला नसता." हा तितक्याच हळू म्हणाला, "पाला धुतला असतास तर तुला दरबारी हजेरी लावावी लागली नसती." कमी गरजा म्हणजे साधेपणाचा मिरवण्याजोगा सदरा नव्हे, ती मोकळ्या तोंडाची किंमत आहे. ज्याचं काहीच अडत नाही त्याला गप्प कसं करणार?

एक किस्सा मात्र मला खटकतो आणि तो लपवत नाही. फिलिप चालून येतोय अशी बातमी आली. कॉरिंथमध्ये एकच धावपळ. कुणी हत्यारं साफ करतंय, कुणी दगड वाहतंय, कुणी तट डागडुजतंय. डायोजेनीसला कुणी काम सांगितलं नव्हतं. त्यानं कपडे खोचले आणि रांजण टेकडीवर चढवून खाली, पुन्हा वर, असा लोटू लागला. का? "इतक्या कामसू माणसांत मी एकटाच रिकामा दिसू नये म्हणून." हसू येतं, पण शहरावर संकट असताना दगड वाहायला काय हरकत होती? तुम्ही वाचाल तेव्हा तुमचं मत बनवा. माझं लोणावळा या रांजणाच्या फार जवळचं आहे, म्हणूनही मला ते टोचत असेल.

पायरी ५ : डायोजेनीसपाशी थांबू नका

नवखे इथेच अडकतात. तो रंगतदार आहे, बाजारात चारचौघांत अश्लील वागण्यापर्यंत निर्लज्ज आहे आणि मोबाइलवर पुढे ढकलायला सोपा आहे. पण त्याच्यानंतरचा क्रेटीस वाचल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. थीब्जचा हा श्रीमंत माणूस सगळी मालमत्ता सोडून भिकेला लागला. फरक असा, की लोक त्याला घरात बोलवत. "दारं उघडणारा" असं त्याचं टोपणनाव होतं. तो कुणाच्याही घरी शिरायचा आणि भांडणं मिटवायचा. हिपार्किया नावाची मरोनिया गावची मुलगी त्याच्या प्रेमात पडली. आई-बापांनी क्रेटीसलाच तिची समजूत घालायला सांगितलं. काही उपाय चालेना तेव्हा त्यानं तिच्यासमोर अंगावरचे कपडे उतरवले आणि म्हणाला, हा नवरा आणि ही त्याची इस्टेट. तिनं होकार दिला, त्याच्यासारखाच जाडाभरडा अंगरखा पांघरला आणि त्याच्याबरोबर मेजवान्यांना जाऊन वाद घालू लागली. हातमाग सोडून इकडे का आलीस, असं एकानं खिजवलं तेव्हा तिनं विचारलं, मागावर घालवायचा वेळ मी शिक्षणावर घालवला, तर वाईट निर्णय घेतला का?

क्रेटीसचाच शिष्य झेनो. त्यानं पुढे स्टोइक पंथ काढला. हल्ली ज्याची पुस्तकं विमानतळावर मिळतात, त्या स्टोइकवादाचं आजोळ हे असं भिकाऱ्याच्या झोळीत आहे.

भारताशीही एक खरा धागा आहे. डायोजेनीसचा अनुयायी ओनेसिक्रिटोस अलेक्झांडरबरोबर तक्षशिलेला आला होता. तिथल्या नग्न साधूंशी बोलायला राजानं त्याला पाठवलं. एक साधू, कलानोस, तापलेल्या दगडांवर पडला होता. तो म्हणाला, ऐकायचं असेल तर कपडे काढ आणि इथेच आडवा हो. वडील साधूनं मात्र नीट ऐकून घेतलं, आणि आधीच माफी मागितली : तीन दुभाष्यांमधून तत्त्वज्ञान सांगणं म्हणजे चिखलातून पाणी निवळ वाहील अशी आशा करणं. सॉक्रेटिस आणि डायोजेनीसबद्दल ऐकून त्यानं शेरा मारला, की माणसं शहाणी दिसतात, फक्त निसर्गापेक्षा रूढीला जास्त मानतात, नाहीतर उघडं राहायला लाजली नसती. डायोजेनीसला रूढीप्रिय म्हणणारा माणूस जगात एकच भेटावा आणि तो इथला असावा!

पायरी ६ : नकली नग ओळखायला शिका

अंगरखा, झोळी आणि काठी एवढाच सिनिकांचा गणवेश. काठीला ग्रीकमध्ये "बाक्टेरिया" म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारखे दिसणारे जिवाणू सापडल्यावर त्यांचं नाव याच शब्दावरून पडलं. गणवेश स्वस्त असला की नकला वाढतात. रोमन काळात कामधंदा सोडून झोळी अडकवणारे आणि चौकात शिवीगाळ करून पैसे गोळा करणारे इतके झाले, की लुकियन या लेखकानं त्यांची यथेच्छ टिंगल केली. त्यानं ज्याच्यावर लिहिलं तो पेरेग्रिनस नावाचा सिनिक इ.स. १६५ मध्ये ऑलिंपियाच्या जत्रेत जाहीर करून चितेत उडी घेतो आणि लुकियनला त्यात नुसती प्रसिद्धीची हाव दिसते. याच लुकियननं डेमोनॅक्स या सिनिकाबद्दल मात्र अत्यंत आदरानं लिहिलं आहे. कॉरिंथची बरोबरी करायला अथेन्समध्ये ग्लॅडिएटरांचे, म्हणजे माणसांना जिवावर उदार होऊन झुंजवण्याचे, खेळ सुरू करायचे घाटत होते. डेमोनॅक्स सभेत आला आणि म्हणाला, ठराव करा, पण आधी करुणेची वेदी पाडून टाका.

शब्दाचा अर्थ घसरला तो अशाच नकलांतून. भुंकणं राहिलं, राखण गेली. जर्मन लोकांनी यावर छान तोड काढली आहे : प्राचीन पंथाला "क्युनिस्मुस" आणि आजच्या कडवट वृत्तीला "त्स्युनिस्मुस", एका अक्षराचा फरक करून. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द, म्हणून हा सगळा खटाटोप.

पायरी ७ : पुतळ्यापुढे हात पसरा

डायोजेनीस एकदा पुतळ्याकडे भीक मागत उभा होता. हे काय चाललंय विचारल्यावर म्हणाला, "नकार मिळवण्याचा सराव." हिवाळ्यात बर्फानं माखलेल्या पुतळ्यांना मिठी मारणं, उन्हाळ्यात तापल्या वाळूत लोळणं, हाही त्याचा सरावच. ग्रीक शब्द "आस्केसिस", पैलवानाच्या तालमीसाठी वापरला जाणारा.

मी बर्फ आणि वाळू वगळून पुतळ्याचा सराव घेतला. आमच्या गल्लीतला पदपथ दीड वर्षात तीनदा उकरला गेला होता. "टक्केवारी, दुसरं काय" हे माझं वाक्य वहीत होतंच. त्याखालच्या कोऱ्या ओळीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीन प्रश्न : काम कुणाला दिलं, किती रकमेला, हमीचा काळ किती. उत्तर द्यायला कायद्यानं तीस दिवस असतात. अठ्ठाविसाव्या दिवशी एका ओळीचं पत्र आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. पूर्वीचा मी हे पत्र कँटीनमध्ये फिरवून "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणालो असतो. या वेळी तीस दिवसांच्या मुदतीत पहिलं अपील टाकलं.

सुनावणीला जाताना पायात चपला आणि खांद्याला शबनम होती, काठी तेवढी नव्हती. टेबलापलीकडच्या साहेबांनी फाइल मागवली. तीनपैकी दोन उत्तरं तिथल्या तिथे मिळाली आणि तिसऱ्यासाठी पुढची तारीख. त्या फाइलवर सही केलेला एक कनिष्ठ अभियंता होता. हमीच्या काळात ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करावी, असं त्यानं दोनदा लेखी कळवलेलं होतं. दोन्ही पत्रांवर वरून काहीच झालेलं नव्हतं. त्याचं नाव मी वहीत लिहून घेतलं, "सगळे" या शब्दाच्या बरोबर वर.